जिना कोणाचा?

‘फ्लॅट ही गोंयकाराची रीत नव्हे’ हे वाक्य गेल्या चतुर्थीपासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं आहे. गोव्यात माशेलला आमच्या मूळ घराशेजारचं भाट, म्हणजे नारळीची बाग, कोणीतरी बाहेरच्याने घेतलं, तिथे इमारत उठणार अशी कुणकुण लागली आणि आमच्या दादाने, म्हणजे थोरल्या चुलतभावाने, तोफ डागली. फ्लॅट म्हणजे खुराडं. फ्लॅटमध्ये गणपतीवरची फळाफुलांची माटोळी कुठे बांधणार? फ्लॅटमधल्या मुलांना आंबाड्याचं झाड तरी ओळखता येतं का? हे सगळं दादा लिहितो ते पर्वरीच्या स्वतःच्या फ्लॅटमधून, तिसऱ्या मजल्यावरून.

जमिनीच्या प्रश्नात मी त्याच्याच बाजूचा आहे, हे आधी सांगून टाकतो. 2024 मध्ये नगरनियोजन कायद्यात जमिनीचा झोन बदलायची वाट मोकळी करणारं 39-अ कलम घुसवलं तेव्हा इथे सिंगापूरला बसून माझंही डोकं फिरलं होतं. 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं आढळलं होतं. नंतर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या अंधाऱ्या खिडक्या बघता तो आकडा खाली आला असेल असं वाटत नाही. पण यात फ्लॅटचा गुन्हा काय? डोंगर कापून पोहायच्या तलावासकट एक व्हिला बांधतात, त्या कुंपणात डझनभर बिऱ्हाडं मावली असती. त्याच जनगणनेत गोव्याची बासष्ट टक्के वस्ती शहरी ठरली. एवढी माणसं प्रत्येकी एक राजांगण आणि एक विहीर मागायला लागली, तर गोवा सिंधुदुर्गात सरकवावा लागेल.

मी सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात अकराव्या मजल्यावर राहतो. इथे चौघांतले तिघे तरी एचडीबीत, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये, राहतात. 1961 मध्ये बुकित हो स्वीची वस्ती जळाली, हजारो लोक उघड्यावर आले आणि आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या एचडीबीने त्यांच्यासाठी भराभर इमारती उभ्या केल्या. कांपोंगच्या, म्हणजे जुन्या खेडेवजा वस्तीच्या, आठवणी इथले टॅक्सीवाले अंकलही डोळे ओले करून सांगतात. परत जाणार का विचारलं की हसतात. ‘ही आमची रीत नव्हे’ असं कोणी म्हणत नाही. निदान माझ्याशी तरी म्हणालेलं नाही.

दादाच्या इमारतीची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. मी सुट्टीवर गेलो तेव्हा वहिनीचे गुडघे आणि नारळाची पिशवी दोन्ही जिन्याने वर चढत होती. दुरुस्ती का होत नाही, तर तळमजल्यावरचा दुकानदार म्हणतो मी लिफ्ट वापरत नाही, पैसे का देऊ. निम्मे फ्लॅट कुलूपबंद, मालक मुंबईला नाहीतर कुवेतला. बिल्डरने सोसायटी करून दिली नाही, जमीन आजही सोसायटीच्या नावावर नाही, कोणाच्या नावावर आहे ते विचारायला कोणी गेलेलं नाही. पावसाळ्यात सेप्टिक टाकी भरून वाहते आणि मागच्या जुन्या घराच्या विहिरीला वास येतो. त्या घरातली म्हातारी मग फ्लॅटवाल्यांना शिव्या देते, आणि तिचं काही चुकत नाही.

2016 च्या रेरा कायद्यात हे सगळं लिहिलेलं आहे. निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत रहिवाशांची संस्था उभी राहिली पाहिजे, बांधकामातला दोष पाच वर्षांत निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त केला पाहिजे. दादाची इमारत त्याच्या आधीची, पण सोसायटी करायला कायदा तेव्हाही होताच. सभा कोण बोलावणार, हा प्रश्न आहे. घराच्या उंबऱ्याच्या आत लादी पुसून लख्ख आणि बाहेर जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. जिना कोणाचाच नाही. गोवेकर भिंतीच्या हद्दीसाठी पोर्तुगीज काळापासून कोर्टात जातो, जिन्यासाठी एक संध्याकाळ देत नाही.

इथे डासांच्या अळ्या शोधायला सरकारी माणूस थेट घरात येतो. आमच्या तुळशीच्या कुंडीखालची बशी उचलून बघतो, न्हाणीत डोकावतो. अळ्या सापडल्या तर दंड. पहिल्यांदा आला तेव्हा बायकोने मनातल्या मनात त्याचा उद्धार केला होता, आता चहा विचारते. पर्वरीत असा माणूस दादाच्या दारात उभा राहिला, तर दादा आधी त्याचं गाव विचारेल आणि मग आमदाराला फोन लावेल.

इथला फ्लॅट नव्याण्णव वर्षांसाठीच मिळतो, मुदत संपली की सरकारचा, हे मी एकदा ग्रुपवर लिहिलं. दादाने लगेच झडप घातली, ‘म्हणजे तुम्ही सगळे भाडोत्रीच!’ पण इथल्या माणसाला आपल्या घराची शेवटची तारीख माहीत असते. दादा समजतो की पर्वरीचं सिमेंट त्याच्या पणतवंडांना पुरणार आहे, आणि त्याखालच्या मातीचा कागद त्याने पाहिलेला नाही.

मूळ घराचं कौतुक मलाही आहे. पण तिथे कोण राहतं? माझी आई आणि एक कुत्रा. दर मे महिन्यात छपराचे नळे शाकारायला माणूस शोधायचा, तो मिळाला तर नळे मिळत नाहीत. नारळ पाडणारा पाडेली फोन उचलत नाही, नारळ आपोआप पडतात, एक दिवस कोणाच्या तरी डोक्यात पडेल. मागच्या पावसात न्हाणीघरात नाग निघाला. आईने शेजाऱ्याला हाक मारली, तो फोंड्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. तिला डॉक्टरच्या जवळ, लिफ्टच्या इमारतीत दोन खोल्या घेऊन देतो म्हटलं तर म्हणाली, ‘मेल्यावर मला ठेवणार कुठे?’

हा तिचा प्रश्न साधा नाही. गोव्यातल्या फ्लॅटमधून मृतदेह खाली आणायचा तर लिफ्टमध्ये आडवा मावत नाही, जिन्याच्या वळणावर चौघांची कसरत होते. इथे आमच्या इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकवर, आज चिनी म्हाताऱ्याचं प्रेत ठेवून रात्रभर माणसं बसतात, पुढच्या शनिवारी तिथेच मलय लग्नाचं जेवण असतं. कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. इमारतीखालची जागा सगळ्यांची, हे बांधतानाच ठरलेलं. आपल्याकडे ती जागा गाड्यांना दिली. म्हणून चतुर्थीला पर्वरीच्या इमारती ओस पडतात. राहायला फ्लॅट, देवाला आणि मरणाला माशेल. (घर भाड्याने शोधताना ‘जास्त स्वयंपाक चालणार नाही’ ही अट इथे मी ऐकलेली आहे, आणि ती कोणासाठी असते तेही मला कळतं. ते मी ग्रुपवर लिहीत नाही.)

परवा दादाने शेवटी लिहिलंच, ‘तू स्वतः तिथे भाड्याने राहतोस, फ्लॅटचे गोडवे कसले गातोस? घे ना एखादा.’

का घेत नाही ते त्याला सांगितलेलं नाही. आम्ही नवरा-बायको दोघेही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी पण नागरिक नव्हे, जुना एचडीबी विकत घ्यायला पात्र होऊन बराच काळ लोटला. पण पीआर कुटुंबाने तो घेतला की सहा महिन्यांच्या आत दुसरीकडची घरं सोडावी लागतात, परदेशातलीसुद्धा, वारशाने आलेली म्हणून सुटका नाही. माशेलचं घर अजून आजोबांच्या नावावर, इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, कधी केलीच नाही. आपल्या कायद्यात मुलींनाही सारखाच वाटा, म्हणजे आत्यांची मुलं धरा, त्यांच्या बायका-नवऱ्यांच्या सह्या धरा. माझ्या वाट्याला येईल ते अर्धी पडवी आणि कदाचित ते नागाचं न्हाणीघर. बायको म्हणते, या अर्ध्या पडवीसाठी आपण इतकी वर्षं दुसऱ्याच्या फ्लॅटचे हप्ते भरतोय. हिशेबात तिची चूक काढता येत नाही. मुलगी तर माशेलला गेली की तिसऱ्या दिवशी वायफाय विचारते.

तरी हक्क सोडल्याच्या कागदावर सही होत नाही. तिथे राहणार आहे म्हणून नव्हे, माझ्याने पावसाळाही निघणार नाही तिथे. पण सही केली की चतुर्थीला मी माशेलला पाहुणा म्हणून जाणार, आणि दादा मला पाहुण्यासारखा आग्रह करून वाढणार. ते मला सहन होणार नाही.

हे दादाला कळलं तर तो म्हणेल, ‘बघ, मी काय सांगत होतो!’ म्हणू दे. लिफ्टसाठी सभा मात्र त्याने या महिन्यात बोलवावी, दुकानदारालाही नोटीस पाठवावी. वहिनीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलं आहे.