खाटेची चतुःसीमा

नाशिकला शिकायला येणाऱ्या पोराला खोली मिळत नाही, कॉट मिळते. ‘कॉट बेसिस’ म्हणतात त्याला. सहा बाय तीनची लोखंडी खाट, तिच्याखालची फरशी आणि वर पंख्यापर्यंतची हवा, एवढ्यावर आपला हक्क. बाकी सगळं सामाईक. हे मला कळलं होतं. पप्पांना पटवायचं राहिलं होतं, आणि पप्पा भूमी अभिलेख खात्यात नोकरीला आहेत.

वसतिगृहाची यादी खालून वर वाचली तरी माझं नाव सापडलं नाही. मग एजंट. कॉलेज रोडच्या आसपास कॉटचा भाव ऐकून पप्पांनी चष्मा काढला.

“एवढं भाडं?”

“सर, सिंहस्थ आलाय ना.”

गुरू सिंह राशीत जातो बारा वर्षांनी. मागचा सिंहस्थ 2015 चा, आताचा खरा सोहळा 2027 चा. पण एजंटच्या पत्रिकेत गुरू केव्हाच सिंहेत जाऊन बसला होता, आणि वर एक महिन्याचं भाडं दलाली मागत होता. साधूंच्या स्नानाचा आणि माझ्या खाटेचा संबंध काय, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

सामान मामाच्या छोट्या हत्तीतून निघालं. ही गाडी एरवी कांदा वाहते, त्यामुळे माझ्या गादीला आजही वास आहे. धुळे, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव इथवर सगळं सुरळीत. नाशकात शिरताच मामा उड्डाणपुलावर चढला. द्वारका खालून गेली, मुंबई नाका खालून गेला. मी खिडकीतून बोट दाखवत राहिलो आणि मामा “पुढे उतरू” म्हणत राहिला. उतरलो तेव्हा पाथर्डी फाटा आला होता. तिथून उलटं कॅनडा कॉर्नरला येईपर्यंत मामाने नाशिकच्या रस्त्यांबद्दल जे काढलं ते अहिराणीत होतं, म्हणून बरं.

नाशिककर गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: गुडघ्याला लागला, कमरेला लागला. घरमालकीण काकूंच्या जिन्यात माझं सामान तसंच चढत गेलं. गादी, बादली, पाट (पाट कशाला, ते आईलाच माहीत), बिबड्यांचा डबा, काळा मसाला, मिरचीचं लोणचं. कमरेच्या वर गेलं तेव्हा काकू दार अडवून उभ्या राहिल्या.

“यात पीठ आहे?”

होतं. दहा किलो कळण्याचं पीठ. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून, आईने जुन्या साडीच्या तुकड्यात गाठ मारून दिलेलं. खोलीत शेगडी चालत नाही, इंडक्शन चालत नाही, चहाची किटलीसुद्धा चालत नाही, हे आईला फोनवर सांगून झालं होतं. त्यावर तिचं उत्तर, “पीठ कुठे वाया जातंय?”

काकूंनी नियम सांगितले. गेट रात्री नऊला बंद. नॉनव्हेज नाही. मित्र नाहीत. गिझर सकाळी सात ते साडेसात, तेवढ्यात चौघांनी उरकायचं. पप्पा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “ठीक आहे ताई. करार कुठाय?”

“कॉट बेसिसला कसला करार, साहेब? डिपॉझिट द्या, पावती देते.”

“महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे. आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची.”

“अहो, खाटेचा करार कुणी नोंदवतं का?”

काकूंनी हे बोलायला नको होतं. पप्पांनी पिशवीतून टेप काढला. तो ते लग्नालाही नेतात. मला खाटेच्या एका कोपऱ्यात टोक धरून उभं केलं आणि पाठकोऱ्या कागदावर चतुःसीमा उतरवायला घेतली.

पूर्वेस : खिडकी, एक काच फुटकी.
पश्चिमेस : मोकळी जागा, रुंदी दीड फूट, पलीकडे दुसऱ्या विद्यार्थ्याची खाट.
उत्तरेस : बाथरूमचं दार, आतून कडी नाही.
दक्षिणेस : लोखंडी कपाट, पैकी खालचे दोन खण.

तेवढ्यात तो ‘दुसरा विद्यार्थी’ वडिलांसकट आला. वडील नांदगावकडचे शेतकरी, म्हणजे बांधाच्या बाबतीत पप्पांपेक्षाही तयारीचे. त्यांनी कागद हातात घेतला, दीड फुटावर बोट ठेवलं.

“ही मोकळी जागा कुणाच्या नावावर?”

“सामाईक.”

“आमची खाट आधी लागलीय. वहिवाट आमची.”

पुढचा अर्धा तास त्या दीड फुटात मोजणी, हरकत आणि सुनावणी असं सगळं झालं. मी आणि तो मुलगा आपापल्या खाटेवर पाय वर घेऊन बसलो होतो, कारण खाली पाय ठेवणं म्हणजे अतिक्रमण. निकाल लागला तो कायद्याने नाही, सोयरिकीने. बोलता बोलता मालेगावची एक आत्या निघाली, जी दोघांच्याही नात्यात होती. लगेच दीड फूट सामाईक ठरला आणि दोघे खांद्यावर हात टाकून टपरीवर चहाला गेले. काकूंनीही कटकट नको म्हणून कागदावर सही केली. सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘सोडताना रंगाचे पैसे कापले जातील.’ खाटेला रंगच नव्हता.

राहिलं पीठ. ते त्याच सामाईक जागेत पडलं आणि येता-जाता दोघांच्या नडगीला लागू लागलं. शेवटी उचलून मेसवाल्या मावशींना दिलं. त्यांनी गाठ सोडली, चिमूटभर जिभेवर ठेवलं, म्हणाल्या, “वा, घरचं आहे.” रविवारी मेसच्या दारात खडूने लिहिलेली पाटी: ‘आज स्पेशल. खानदेशी कळण्याची भाकरी आणि ठेचा. 30 रुपये जादा.’

मी दिले. भाकरी आईसारखी नव्हती, पण फोनवर आईला सांगितलं, पीठ संपत आलंय. ती म्हणाली, “मामा गुरुवारी कांदा घेऊन निघतोय. वीस किलो पाठवते.”