नॉमिनी झाला म्हणून मालक होत नाही

वडिलांच्या पश्चात फ्लॅट नॉमिनीचाच होतो, लग्न झालेल्या मुलीला त्यात हक्क नसतो, बारा वर्षांनंतर दावा करता येत नाही आणि घर विकले गेले की विषय संपतो, असा मजकूर मुंबईतील अनेक घरांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. तो खरा मानून बहिणी हक्क न मागताच माघार घेतात, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

नॉमिनीचा मुद्दा सर्वांत जास्त फसवा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-13 नुसार सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, तेही कायदेशीर वारस सभासद होईपर्यंतच. मालकी वारसाहक्कानेच ठरते. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेला मुलुंडचा फ्लॅट असेल, मृत्युपत्र नसेल आणि मागे आई, एक मुलगा व दोन मुली असतील, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे प्रत्येकाला चौथा हिस्सा मिळतो, मग नॉमिनी म्हणून एकट्या भावाचे नाव असले तरीही. (चाळीतील पागडीच्या खोलीचे नियम मात्र वेगळे आहेत.)

लग्नाने या हिश्शात काहीही फरक पडत नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा हक्क जन्मतःच असतो, त्यासाठी मुलींना हा हक्क देणारी कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले.

बारा वर्षांची मुदत खरी आहे, पण ती वडिलांच्या मृत्यूपासून आपोआप मोजली जात नाही. सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांच्या वतीने मानला जातो. भावाने बहिणीचा हक्क उघडपणे नाकारून, तिला कळेल अशा रीतीने तो बळकावला, तरच मुदत धावू लागते. त्यामुळे ‘तुझा काही संबंध नाही’ असे पत्र हाती आले की वकिलाकडे जाण्यास उशीर करू नये.

विक्रीबाबत सांगायचे तर, सहहिस्सेदाराला स्वतःच्या हिश्शापलीकडे काही विकता येत नाही आणि वाटपाच्या दाव्यात तात्पुरता मनाईहुकूमही मागता येतो. मात्र बृहन्मुंबईत नुसता दावा दाखल करून भागत नाही: दावा प्रलंबित असताना होणाऱ्या विक्रीचा खरेदीदार निकालाने बांधला जावा यासाठी त्या दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, आणि नेमके हेच काम अनेकांकडून राहून जाते.