हिटलर पाहिजे म्हणे

पुण्याच्या मैत्रिणीने शाळेच्या ग्रुपवर लिहिलं, "या देशाला एक हिटलरच पाहिजे, त्याशिवाय लोक सुधारायचे नाहीत." विषय काय, तर सिग्नल तोडणारे दुचाकीवाले! भराभर अंगठे पडले. मी हरकत घेतली तर म्हणाली, "तुला काय झोंबलं गं? आपल्याकडे तुम्हा ज्यू लोकांना कधी कुणी बोट तरी लावलं का?"

नाही लावलं. इथे इस्रायलमध्ये, अश्दोदला, येणाऱ्याजाणाऱ्याला मीच ते अभिमानाने ऐकवत असते. ठाण्यात आम्ही सणाला नटूनथटून सिनेगॉगला जायचो, मलिदा असला की शेजारच्या काकू हक्काने वाटी पुढे करायच्या. पण काकूंच्या चांगुलपणावर हिटलरला का म्हणून सूट?

माझ्या सासूबाई बगदादच्या. जून 1941 मध्ये, ऐन शावुओतच्या सणात, तिथे फरहूद, म्हणजे ज्यूंची कत्तल आणि लुटालूट, झाली. रशीद अलीचं नाझींना धार्जिणं सरकार कोसळलेलं, इंग्रज फौज शहराबाहेर थांबलेली. दोन दिवसांत दीडशेच्या वर ज्यू मारले गेले. सासूबाई तेव्हा सात वर्षांच्या. घरं ओळखू यावीत म्हणून काही दारांवर आधीच तांबडे पंजे उमटवले होते. आईने त्यांना लागून असलेल्या गच्चीवर ढकललं, तिथून पुढच्या गच्चीवर, आणि शेवटी एका मुसलमान शेजारणीने पाण्याच्या रांजणांमागे दडवलं. 1951 मध्ये एकेका सुटकेसवर सगळे इथे आले. आजही झोपताना चपला दाराकडे तोंड करून ठेवतात, कुणी हलवल्या तर चिडतात. बर्लिनहून अरबीत रेडिओ लागायचा, तो त्यांना आठवतो. तेव्हा "तो युरोपचा विषय" हे मला कुणी सांगू नये.

फरहूदच्या शंभरेक वर्षं आधी याच बगदादमधून, तिथला सुभेदार दाऊद पाशाच्या जाचाने, ज्यू व्यापारी डेव्हिड ससून बाहेर पडले आणि मुंबईला आले. मैत्रिणीची दोन्ही बाळंतपणं पुण्याच्या ससूनमध्ये झाली. ते त्यांच्याच देणगीतून उभं राहिलंय. असो.

शिस्तच बघायची ना? योम हशोआला, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मृतिदिनी, सायरन झाला की इथल्या हायवेवर बघा. भरधाव गाड्या थांबतात, माणसं उतरून ताठ उभी राहतात. चौकात पोलीस लागत नाही.

मी मात्र त्या दोन मिनिटांत अवघडून जाते. शेजारी प्रत्येकाकडे आठवायला कुणीतरी असतं. माझ्या डोळ्यांपुढे ठाण्याचा तलाव येतो. आणि "तुम्ही नक्की ज्यू का?" हे मला ठाण्यात कुणी विचारलं नव्हतं, इथे विचारलं. आमच्या आधीच्या पिढीच्या लग्नांना तर रब्बीनेट, म्हणजे इथलं ज्यू धर्मपीठ, वंशावळ मागायचं. बेने इस्रायलांनी, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंनी, जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये रब्बीनेटने नमतं घेतलं. सासूबाईंनीसुद्धा लग्नाआधी माझी पणजीपर्यंत चौकशी केली होती. हे काही मी ग्रुपवर लिहिणार नाही, त्यांना आयतं फावेल.

मध्यंतरी सगळे ममादमध्ये, म्हणजे घरातल्या बॉम्बपासून बचावाच्या खोलीत, बसलो होतो. धाकट्याने गमतीत विचारलं, "इथूनही निघायची वेळ आली तर कुठे जायचं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ठाण्याला, मामाकडे." नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्याच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जाता येतं का?"

"नाही हो आई, टॉवर आहे. गच्चीला सोसायटीचं कुलूप असतं."