खुलासा : ‘पुस्तकाची वाट लावली’ हा मेसेज चुकीचा, आणि तो माझाच

आर्थर क्लार्कची ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ ही कादंबरी आधी गाजली, मग दिग्दर्शक कुब्रिकने सिनेमात यान शनीऐवजी गुरूकडे नेऊन तिची वाट लावली, असा मेसेज जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर फिरतोय. भरीत पार्टीत एका हाताने कळण्याची भाकरी मोडत मीच तो टाइप केला होता. चुकलं.

सिनेमा एप्रिल १९६८चा, कादंबरी त्यानंतर काही महिन्यांनी आली. पटकथा नि कादंबरी दोघांनी जोडीने रचली, हे क्लार्कनेच लिहून ठेवलंय. शनीची कडी पडद्यावर पटण्यासारखी जमेनात, म्हणून गुरू. आणि गंमत म्हणजे पुढच्या ‘२०१०’ कादंबरीत क्लार्कनेही गुरूच धरला!

सिनेमा संथ वाटला तर खुशाल म्हणा, मलाही वाटला. तो मेसेज मात्र पुढे ढकलू नका. ढकलला असेल तिथे हा टाका.