१५२ कोटी नको, वय सांगा

११ जुलै, जागतिक लोकसंख्या दिन आला की व्हॉट्सअपवर तेच सुरू होतं, लोकलला लटकलेल्या माणसांचा फोटो आणि खाली 'विस्फोट'. २०२३ ला आपण लोकसंख्येत चीनला मागे टाकलं तेव्हा तर विचारूच नका. पण ते काय कोणी घरोघर जाऊन मोजलेलं नव्हतं, संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता तो. आपली शेवटची जनगणना २०११ ची, २०२१ ची झालीच नाही, म्हणजे इतकी वर्षं देश अंदाजावरच चाललाय आणि तो अंदाज पहिल्या ओळीच्या पुढे कोणी वाचत नाही, राग येतो तो याचा.

केंद्राच्या तज्ज्ञ गटाने २०११ ते २०३६ चा अंदाज काढून ठेवलाय. १२१ कोटींचे १५२ कोटी होणार, झालं, बातमी संपली. त्याच रिपोर्टात आहे की साठीच्या वरची माणसं २०११ ला ८.४ टक्के होती ती २०३६ ला जवळपास १५ टक्के होणार, म्हणजे १० कोटींची साधारण २३ कोटी. यावर एक तरी फॉरवर्ड आलाय का तुम्हाला?

आणि यात ज्योतिष नाहीये हो. वयोगटाप्रमाणे बायका-पुरुष मांडायचे, दर पाच वर्षांनी सगळ्यांना पुढच्या गटात ढकलायचं, गेलेले वजा करायचे, जन्मलेले मिळवायचे, बाहेरून आले किती नि निघून गेले किती ते बघायचं. जन्माचा आकडा चुकू शकतो, कारण ती पोरं अजून व्हायचीयत. पण २०३६ ला साठी ओलांडणारे सगळे आज तुमच्याआमच्यात हिंडतायत, त्यात चुकायला जागा किती ती.

मग लोक विचारतात, जन्मदर, म्हणजे एका बाईला सरासरी किती मुलं होतात तो आकडा, घसरलाय तर लोकसंख्या वाढते कशी? अहो आज लग्नाच्या वयात आहेत ती नव्वदच्या दशकात आणि दोन हजारनंतर जन्मलेली पोरं, संख्येने भरपूर, त्यांनी प्रत्येकी दोनच मुलं केली तरी एकूण आकडा अजून काही दशकं चढणारच. (कमेंटमध्ये "त्यांची वाढतेय" वाले येतीलच, त्यांनी एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघावं, मुस्लिमांचा जन्मदर १९९२-९३ ला ४.४ होता तो २०१९-२१ ला २.४ च्या आसपास आलाय. घसरण सगळ्यांचीच आहे.)

त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा १.७ होता. लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतो. आंध्रचाही १.७ च, त्यांनी २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकीतली दोन अपत्यांची अट काढून टाकली, आपल्याकडे २००१ च्या कटऑफनंतर तिसरं मूल झालं की अजूनही सरपंचकीचा फॉर्म बाद.

आता माझं खरं दुखणं. हे अंदाज राज्याचे निघतात, जिल्ह्याचे नाही. २००१ ते २०११ मध्ये ठाणे जिल्हा ३६ टक्के वाढला आणि त्याच दहा वर्षांत आमची रत्नागिरी ४.८ टक्क्यांनी कमी झाली, सिंधुदुर्गही २.२ टक्क्यांनी. याची सरासरी काढून काय मिळणार, कपाळ? रत्नागिरीत तेव्हा हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कोणाला वाटेल काय पुढारलेला जिल्हा, पण ते बाप्ये सगळे मुंबईत, दुसरं काही नाही. गणपतीत वाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि विसर्जन झालं, चाकरमानी परतले की दहातल्या सहा घरांना कुलूप. उघड्या घरात आत्या असते, सत्तरी पार केलेली, एकटी. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही, दुकानदार म्हणतो उद्या या, आणि उद्या म्हणजे परत तो चढ. निराधार पेन्शनीत केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना महिना २०० रुपये, बाकीचे राज्य घालतं म्हणून दीड हजार तरी होतात.

प्रशासनाला वयाचा हिशोब कळतच नाही असंही नाही. शाळेचा पट वीसच्या खाली गेला की लगेच कळतो, आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघतं. मुलं कमी झाली की शाळा बंद करायची घाई, पण त्याच गणिताच्या दुसऱ्या टोकाला म्हातारी माणसं वाढतायत तर तालुक्याला फिजिओथेरपिस्ट द्या, डायलिसिसची मशीन द्या, ती रिकामी शाळा दिवसभर आजी-आजोबांना बसायला उघडा, हे कोणी सुचवत नाही. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, डीपीडीसीत, फक्त रस्ते, साकव आणि सभामंडप.

मान्य आहे, तालुक्याचा अंदाज काढणं अवघड, स्थलांतर सगळी गणितं मोडतं. एखादी एमआयडीसी आली की पाच वर्षांत चित्र बदलतं. मग तीन अंदाज काढा, पोरं परत आली तर काय, आहे तसंच चाललं तर काय, अजून गेली तर काय. जनगणना आता होतेय, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे, म्हणजे ताजा पाया मिळणार. ते आकडे आले की आपापल्या जिल्हा परिषद सदस्याला एवढंच विचारा की साहेब, २०३६ ला आपल्या गटात पंचाहत्तरीच्या वर किती माणसं असतील. सभामंडप किती झाले ते तो न विचारता सांगेल.