हेम्प म्हंजे ताग न्हवं, लेका!

निपाणीत आमचा कट्टा म्हणजे तंबाखूच्या एका बंद वखारीची पायरी. संध्याकाळी सातला चहा सांगायचा आणि भांडायला विषय शोधायचा. परवाचा विषय राजूनं मोबाईलमधनं आणला.

"ऊस बास झाला. आता हेम्प. कापड, कागद, दोर, सगळं होतंय. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजानं १५३३ ला कायदाच केलता, साठ एकर कसत असशील तर पाव एकर जवस न्हाईतर हेम्प लावलाच पायजे."

"राजाला काय दोरीचा नाद?"

"जहाजं, लेका! दोर आन शिडं. कॅनव्हास हा शब्दच कॅनाबिसवरनं आलाय."

सुभान उसळला. "मग त्यात नवीन काय? ताग आमच्या आज्जानं केलाय. फुलावर आला की रानात गाडायचा, वर ऊस."

मास्तर इतका वेळ बशीत फुंकर मारत होते. "तो ताग. त्याला शेंगा येत्यात, मुळावर गाठी असत्यात, म्हणून बिवड चांगला. हेम्प न्हवं ते. दोर वळता आला की इंग्रज त्याला हेम्पच म्हणायचा. ताग झाला सन हेम्प, अंबाडी झाली डेक्कन हेम्प, फिलिपाईन्सची केळीच्या भावकीतली अबाका झाली मनिला हेम्प. खरा हेम्प एकच. भांग."

चहावाल्यानं गाळणी तशीच हातात धरली.

आपणही काही कमी नाही म्हणा. पोत्याला तागाचं पोतं म्हणतो आणि ते असतं बंगालच्या ज्यूटचं. ज्यूटचं नशीबही दुसऱ्याच्या भांडणात उघडलं. स्कॉटलंडातल्या डंडी गावच्या गिरण्या रशियाच्या जवस-हेम्पवर चालायच्या. १८५३ ला क्रिमियाचं युद्ध पेटलं, तिकडचा माल आटला आणि गिरण्या ज्यूटवर वळल्या. हे मी सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही. राजू भांगेवरच अडकला होता.

"म्हंजे बेकायदा?"

"१९८५ च्या कायद्यानं गांजा आन चरस बंद," मास्तर म्हणाले. "धाग्यासाठी, बियासाठी सरकार परवानगी देऊ शकतंय, तसं कलम हाय. उत्तराखंडानं २०१८ ला दिलीय. तू परवान्याबिगर लावलास तर पोलीस काय तुझी रील बघत बसणार न्हाईत."

"धाग्याचं पीक दाट पेरत्यात," राजू पुटपुटला. "फांद्या फुटत न्हाईत, सरळ उंच जातंय. लांबनं वळखू येतंय."

"हवालदाराला सांग हे."

तात्या अजून बोलले नव्हते. त्यांच्या पिशवीत पुंडीची जुडी होती. मराठीत अंबाडी म्हणा, आमच्या बाजारात पुंडीच. त्यातला एक जाड दांडा त्यांनी काढला, पानं खुडून पिशवीत टाकली, नखानं बुडखा फोडला आणि साल सर्रकन शेंड्यापर्यंत ओढली. दोन पट्ट्या मांडीवर ठेवून तळहातानं पुढं रेटल्या. पीळ बसला.

"पंधरा दिवस वढ्यात कुजवायची, मग धुवायची. वासानं घरात घेत नव्हते आमास्नी. पण बैलाच्या मानंला नायलॉनचा कासरा कापतोय, ह्यो न्हाई."

राजूनं दोन्ही हातांनी ओढून बघितली. तुटली नाही. त्याच्या स्कूटरची नंबरप्लेट महिनाभर एकाच बोल्टावर लोंबत होती, तात्यांनी ती दोरी तिथं दोन वेढे देऊन आवळली.

"वली हाय," उठता उठता म्हणाले. "वाळली की ढिली पडंल. परत आवळून घे."