फुकट परवाना कसा पचवावा

विद्यार्थी मित्रांनो, हजारोंच्या किमतीची सॉफ्टवेअरं कंपन्या आपल्याला फुकट का देतात, असले आगाऊ प्रश्न विचारू नयेत. फुकट ते पौष्टिक. गेल्या मंगळवारपर्यंत मीही याच मताचा होतो. मंगळवारी रात्री माझा विद्यार्थी परवाना संपला आणि चार वर्षं रोज उघडत असलेला, कोड लिहायचा प्रोग्रॅम उघडेना. सबमिशन बुधवारी सकाळी अकराला. तेव्हा चार अनुभवाचे बोल ऐका.

परवाना दरवर्षी नव्याने मागावा लागतो, म्हणून ओळखपत्राचा फोटो काढायचा सराव ठेवा. माझ्या कार्डावर प्रवेशाचं वर्ष आहे, मुदत नाही. नाकारलं. मग फीची पावती चढवली, तर तिच्यावर आडनाव आधी, म्हणून नाव जुळेना. नाकारलं. तिसऱ्या फोटोत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकली. दाद मागायला गेलो, तर मेलचा पत्ता 'नो-रिप्लाय'.

अटी वाचू नका. 'अव्यावसायिक वापरापुरता' हे शब्द दिसले, तर ओळखीतल्या कुणाची वेबसाइट करून चार पैसे मिळवायचा बेत उगाच बारगळेल.

शिक्क्याची लाज वाटून घेऊ नका. ऑटोकॅड या आराखडे काढायच्या प्रोग्रॅमच्या विद्यार्थी आवृत्तीतून छापलेल्या ड्रॉइंगच्या कडांना कित्येक वर्षं 'शैक्षणिक उत्पादनातून तयार केलेले' असा मजकूर यायचा. त्यातला एखादा तुकडा कुणी विकतच्या आवृत्तीतल्या ड्रॉइंगमध्ये चिकटवला, की तो मजकूर तिथेही उमटायचा. गोवरच जणू.

आणि सर्वात महत्त्वाचं, हाताला वळण लागू द्या. शॉर्टकट बोटांत भिनले पाहिजेत, दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये गेलं की परक्या घरात अंधारात स्विच शोधल्यासारखं वाटलं पाहिजे. मग नोकरीला लागलात की साहेबाला तुम्हीच सांगाल, "मला हेच येतं." साहेब विकत घेईल, माणशी, दरसाल. विक्रेता पाठवायची गरजच नाही, तो कॉलेजातून तयार होऊन येतो, तोही बिनपगारी! यात लपवाछपवी काही नाही बरं का. १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात बोलताना बिल गेट्स चीनमधल्या चोरीच्या प्रतींबद्दल म्हणाले होते, की चोरणारच असतील तर आमचंच चोरावं, चटक लागेल, वसुलीचं पुढे बघू. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, मायक्रोसॉफ्टने 'ड्रीमस्पार्क' ही योजना काढली आणि व्हिज्युअल स्टुडिओ हा कोड लिहायचा प्रोग्रॅम विद्यार्थ्यांना मोफत दिला. चोरायचे कष्टही वाचवले. २०१४ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटने तर अनेक कंपन्यांच्या वस्तूंचं एकत्र गाठोडंच बांधून दिलं. आणि आपण ते घेतलं, वर प्रोफाइलवर मिरवलं. मीही मिरवलं.

पण कंपनीवर कशाला चिडू? ती धंदाच करायला बसली आहे. चीड येते ती आमच्या लॅब मॅन्युअलची. पहिलं पान: फाइल मेनूवर क्लिक करा, न्यू निवडा, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. पुढे स्क्रीनचे चौदा फोटो, तेही दोन आवृत्त्यांपूर्वीचे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी कोडचे तुकडे जोडणाऱ्या साधनाबद्दल विचारलं, "लिंकर काय करतो?" मी म्हणालो, "सर, हिरवं बटण दाबलं की होतं ते."

सर हसले. आमचे सरही हसले. तुम्ही कशाला हसलात, सर? तुम्हीच शिकवलंत ना ते बटण? एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीने युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम विद्यापीठांना अशीच स्वस्तात दिली होती. मग १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात कलम आलं, की हिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, वर्गात शिकवायचा नाही. तेव्हा अँड्र्यू टॅनेनबाउम या प्राध्यापकाने शिकवण्यासाठी युनिक्ससारखी स्वतःची मिनिक्स लिहून काढली, १९८७ मध्ये ती बाहेर आली. तुम्हाला कुणी ऑपरेटिंग सिस्टीम लिहा म्हणत नाहीये. एक प्रॅक्टिकल टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून, घ्या! कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं जीसीसी फुकट आहे, ओळखपत्र मागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. आणि अभ्यासक्रमात विषयाचं नाव लिहा, कंपनीच्या मालाचं नको.

त्या रात्री माझा कोड डोळ्यांसमोर होता, साध्या टेक्स्टमध्ये, अगदी वाचता येत होता. तो जोडून चालवायचा कसा, हे मात्र त्या बंद प्रोग्रॅमच्या प्रोजेक्ट फाइलला ठाऊक होतं, मला नाही. कुठली फाइल आधी, लायब्ररी कुठून घ्यायची, हे शोधत एका ओळीची कमांड जमायला पहाटेचे चार वाजले. चार वर्षं शिकून.

माझा चौथा अर्ज अजून 'तपासणीत' आहे.